दादासो सेक्रेटरींचा वाढावा

सणसरहून भवानीनगरकडं जाताना कालव्याच्या अलीकडं पाणंदवस्ती लागते. तिथं कुणालाही थांबवून विचारलं असतं की दादासो सेक्रेटरी माणूस कसा, तर एकच उत्तर आलं असतं, प्रामाणिक. वस्तीवर कुणी ट्रॅक्टरमुळं ओळखला जाई, कुणी उसाच्या एकरी टनेजमुळं, कुणी भावकीतल्या कज्ज्यामुळं. दादासोंकडं यातलं काहीच नव्हतं. अडीच एकर रान, त्यातलं निम्मं चोपण, खारवटून गेलेलं. मग त्यांनी प्रामाणिकपणाच धरला, आणि सव्वीस वर्षांत तो इतका मुरला की त्यांना दुसऱ्या कसल्या ओळखीची गरजच उरली नाही.

वस्तीच्या दूध संस्थेचे ते सेक्रेटरी. सकाळी साडेपाचला आणि संध्याकाळी साडेपाचला शटर वर करायचं, दूध मोजून घ्यायचं, फॅट काढायची, पावती द्यायची आणि मधल्या वेळात हिशेब लिहायचे. अक्षर असं, की ऑडिटरनं रजिस्टर उघडलं की आधी अक्षराचं कौतुक करावं आणि मग चहा मागवावा. संस्थेला सलग एकोणीस वर्षं ऑडिटचा 'अ' वर्ग मिळालेला. तशी पाटी शटरच्या वर लावलेली होती, आणि दर वर्षी पेंटर येऊन तिच्यावरचा आकडा एकानं वाढवून जाई.

त्यांच्या प्रामाणिकपणाच्या गोष्टी वस्तीवर सांगितल्या जात. जळोचीच्या पेंडवाल्यानं एकदा सुट्ट्यात अकरा रुपये जास्त दिले, तर दुसऱ्या दिवशी एसटीनं जाऊन दादासो ते परत करून आले. जाण्यायेण्याचे साठ रुपये त्यांनी संस्थेच्या प्रवासखर्चात टाकले, कारण पेंड संस्थेची होती. व्हाउचर केलं, तिकिटं टाचली, चेअरमनची सही घेतली. अकरा रुपयांची गोष्ट सगळ्यांना पाठ होती. साठ रुपयांची फक्त व्हाउचरला माहीत होती, आणि ती काही लपवलेली नव्हती. कुणीही येऊन बघावी.

आणि हेच त्यांचं सगळं नीतिशास्त्र. चोरी म्हणजे न लिहिलेला व्यवहार. लिहिला, खालीवर बेरीज जुळली, सही झाली, की त्याला चोरी म्हणणारा माणूस अडाणी. यापलीकडं विचार करायला दादासोंना सव्वीस वर्षांत सवड झाली नव्हती. दिवसातून दोनदा शटर उघडावं लागतं.

आता वाढावा म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्याचंच आहे. चौदा वर्षांपूर्वी संस्थेतली लिटरची मापं गेली आणि इलेक्ट्रॉनिक काटा आला. त्याच्यावर आकडा शंभर मिलीच्या पटीतच उमटे. कुणाचं दूध चार लिटर आणि वर नव्वद मिली भरलं, तर काटा चार म्हणे आणि नव्वद मिली विसरून जाई. कधी चुकून पुढं सरकून दहा मिली जादा द्यावेत असं त्याच्या स्वभावात नव्हतं. दूध घालणारी एकशे चाळीस घरं, दोन्ही वेळचं दूध. प्रत्येकाचं घोटघोटभर विसरत रोज तेराचौदा लिटर दूध असं साठे, की जे संस्थेत आलेलं असे पण कुणीच घातलेलं नसे. हिशेबात त्याला वाढावा म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटावं, देवानं हात फिरवला आणि दूध वाढलं.

आजूबाजूच्या कितीतरी ठिकाणचे सेक्रेटरी असलं दूध परस्पर चहावाल्याला घालत, असं दादासो दबक्या आवाजात सांगत. स्वतः त्यांनी त्यातलं चमचाभर घरी नेलं नाही. संस्थेत ते कोरा चहा पीत, तोही घरच्या पुडीचा. वाढाव्याचं दूध ते टँकरला घालत, त्याचा पैसा 'वाढावा खाते' नावाच्या स्वतंत्र पानावर जमा करत, आणि ते पान लाल शाईनं आखत. त्या पैशातून दिवाळीला सभासदांना लिटरमागं फरक म्हणून काही रक्कम आणि स्टीलचं एक भांडं मिळे. चेअरमन दिग्विजयरावांच्या गाडीचं डिझेल त्यातूनच निघे, पाहुण्यांच्या शाली आणि नारळही त्यातूनच. प्रत्येक शालीचं बिल होतं.

दूध घालणाऱ्या एकशे चाळीसांपैकी सभासद मात्र ब्याऐंशीच. उरलेल्या अठ्ठावन्नांपैकी काहींकडं शेअरचे पैसे नव्हते, काहींनी अर्ज दिले होते आणि ते पुढच्या मीटिंगला घेऊ म्हणून फायलीत पडले होते. काटा सभासद आणि बिगर सभासद असा भेद करत नसे, दोघांचंही सारखंच विसरे. फरक आणि भांडं देताना मात्र सगळ्यांना सगळं आठवे. ही यादी दादासोंच्याच सुंदर अक्षरात होती, तेव्हा त्यांना माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

त्या अठ्ठावन्नातली एक बनाबाई. नवरा होता तोवर घरात शंभरभर मेंढरं होती, आता एक गाय आणि लोकांच्या रानातली खुरपणी. तिची एक पितळी चरवी होती, चार लिटरची म्हणून घेतलेली. ती गळ्यापर्यंत भरून आणायची, आणि काट्यावर तीन पॉइंट नऊ आलं की तिथंच थांबायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण आकडे ती ओळखायची.

"दादासो, चरवी चारची हाय. काटोकाट भरून आनली. तुजा काटा तीन पाइंट नऊ कसा म्हनतो?"

"मावशे, चरवीत खोट आसंल. काटा शिक्क्याचा हाय, पासिंग झाल्याला."

"कुठं चेमटली आसंल म्हन."

"आसंल की. जुनी चरवी हाय."

"तू म्हनतोस तर आसंल बाबा. तू काय खोटं बोलनार न्हाईस," असं म्हणून ती पावती घेऊन जाई. हे चौदा वर्षं चाललं होतं. काटा शिक्क्याचा होता आणि चरवी जुनी होती, म्हणजे दादासो अक्षरशः खोटं बोलत नव्हते, आणि तेवढं त्यांना पुरत होतं.

यंदाच्या मे महिन्यात बारामतीच्या कसल्याशा प्रतिष्ठानाचं पत्र आलं. जळोचीच्या एका मंगल कार्यालयात 'व्यवसाय आणि हिशेबातील नीतिमूल्ये' या विषयावर एक दिवसाचं शिबिर, प्रत्येक संस्थेनं एक प्रतिनिधी पाठवावा, फी पंधराशे. चेअरमननी पत्र वाचून दादासोंकडं सरकवलं. "तुमीच जावा. नीतीचं काय आसंल तर तुमालाच कळायचं," ते म्हणाले, आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं. पंधराशे रुपये वाढावा खात्यातून गेले, व्हाउचर नंबर एकशे बारा.

शिबिर जसं असतं तसंच होतं. आल्याआल्या सकाळ-दुपार दोन्ही सत्रांच्या सह्या करून घेतल्या, म्हणजे दुपारी कुणाला जायचं असेल तर अडचण नको. नऊचे पाहुणे साडेअकराला आले. ते म्हणाले, बेरीज जुळली म्हणजे हिशेब खरा असतोच असं नाही, जुळलेल्या हिशेबात कुणाचं काय गेलं ते विचारत चला. दादासोंनी हे वाक्य डायरीत उतरवलं, खाली पट्टीनं रेघ मारली आणि शेजारी बसलेल्या दुसऱ्या संस्थेच्या सेक्रेटरीकडं मुद्दाम रोखून पाहिलं. तो सेक्रेटरीही त्यांच्याकडं तसाच बघत होता. मग शिरापुरीचं जेवण झालं, आणि शेवटी 'नीतिमान सेक्रेटरी' असं सोनेरी अक्षरात छापलेलं सन्मानपत्र दादासोंच्या हातात आलं. ते आलेल्या सगळ्या त्रेचाळीस जणांना मिळालं. दादासोंना वाटलं, बाकीच्यांना रीत म्हणून दिलं असावं.

सन्मानपत्राची फ्रेम भिंतीवर चढली त्याच आठवड्यात, मेच्या अखेरीस, व्होल्टेज वाढून काटा जळाला. बारामतीहून ऋषिराज नावाचा मेकॅनिक नवा काटा घेऊन आला. जोडणी करून झाल्यावर त्यानं सहज विचारलं, "तात्या, दहा मिलीवर ठिवू का शंभरावर?"

"जुना कशावर व्हता?"

"शंभरावर. समदेच शंभरावर ठेवत्यात."

तो एवढंच बोलला नसता तर काही झालं नसतं. पण भिंतीवर सोनेरी अक्षरं, डायरीत पट्टीनं मारलेली रेघ, आणि हा पोरगा आपल्याला 'समद्यां'मध्ये बसवतोय, हे दादासोंना लागलं. "समद्यांचं मला सांगू नगंस. दहावर ठिव. थेंबन् थेंब दिसला पायजे," ते म्हणाले. दादासोंच्या आयुष्यातला सगळ्यात नीतिमान निर्णय असा निव्वळ तोऱ्यात झाला.

त्या संध्याकाळी बनाबाईची चरवी काट्यावर गेली आणि आकडा आला तीन पॉइंट अठ्ठ्याण्णव. ती पुष्कळ वेळ बघत उभी राहिली. मागची रांग कुरकुरायला लागली.

"म्हंजे चरवी खरी व्हती," ती हळूच म्हणाली. "म्या चौदा वर्सं तिच्या अंगावरनं हात फिरवून बगत व्हते, कुठं चेमटली म्हनून."

यावर खाली मान घालावी असं दादासोंना खरोखर आतून वाटलं होतं. पण त्यांच्या तोंडून निघालं, "नवा काटा हाय मावशे, म्या मुद्दाम दहावर लावून घेतला." तिनं त्यांना दुवा दिला. तो त्यांनी घेतला.

त्या दिवशी बेरीज केली तर वाढावा नव्हताच. उलट भांड्यांना चिकटलेलं, सांडलेलं, फॅटसाठी काढलेलं मिळून दोन लिटर कमी भरलं. दादासोंनी नवीन पान उघडून वर 'घट' असं लिहिलं आणि लाल शाईनं आखलं. दुसऱ्या दिवशीही घट, तिसऱ्या दिवशीही. जून संपला तेव्हा त्या महिन्याचा वाढावा खात्यावर एक आकडा नव्हता. मागच्या वर्षी त्याच महिन्यात चारशे बारा लिटर वाढावा होता.

मासिक पत्रक संचालकांच्या हातात गेलं आणि म्हस्कूनं ते पहिलं वाचलं. म्हस्कू संचालक होता, आणि न पाहिलेली गोष्ट पाहिल्यासारखी सांगण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. भवानीनगरच्या चहाच्या टपरीवर त्यानं हिशेब मांडला. चौदा वर्षं रोज चौदा लिटर वाढावा पडत होता, तो एकाएकी बंद. दूध काय आकाशात गेलं? आणि दादासोंच्या ओट्यावर नवी फरशी कधी बसली, तर त्याच महिन्यात. दोन आकडे शेजारी ठेवले की लोक बेरीज आपोआप करतात. आठवड्याच्या आत सगळ्या वस्तीला कळलं की सव्वीस वर्षं थोपवून धरलेलं मन शेवटी सुटलं आणि दादासोंनी वाढाव्याला तोंड लावलं.

फरशी दादासोंची बायको सारजा हिच्या भिशीतून बसली होती. तिचं पक्कं बिल होतं. दादासो ते बिल खिशात घालून फिरू लागले, कुणी विचारलं की दाखवावं म्हणून. कुणी विचारलंच नाही. उलट लोक आता त्यांच्याशी जरा जास्तच गोड बोलत, आणि पाठ फिरली की हसत. ज्यांनी आयुष्यात कधी वाढाव्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता, ते आता पावती उलटसुलट करून बघत. गंमत म्हणजे त्या पावतीवर पहिल्यांदाच पुरतं माप लिहिलेलं होतं.

"सव्वीस वर्सं चहापुरतं दूध घरात आनलं न्हाईसा," सारजा म्हणाली. "पोरीच्या बाळंतपनाला म्या इकतचं दूध घेतलं. आन नाव कशाचं आलं, तर दुधाचं." ती रडत नव्हती, तिला राग आला होता. महिला मंडळात ती जाईनाशी झाली. दादासोंचं जेवण तुटलं. माणसाजवळ एकच दागिना असावा आणि तोच पितळेचा म्हणून गावभर व्हावा, असं झालं होतं.

शेवटी ते चेअरमनकडं गेले. दिग्विजयराव त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, बोलायला मोकळे आणि डोक्यानं तल्लख. दादासोंनी त्यांना काटा समजावून सांगितला. शंभर मिली काय, दहा मिली काय, वाढावा कुठून येत होता आणि आता का येत नाही.

चेअरमननी शांतपणे ऐकून घेतलं. "मंग परत शंभरावर करा की."

"आसं कसं करता येईल? परत केला तर चौदा वर्सं मारलं तसं लोकांचं दूध आता जानूनबुजून मारल्यावानी हुतंय."

"आन न्हाय केला तर आत्ता तुमी मारताय आसं हुतंय. दोन्हीतली कंची चोरी पायजे ते तुमी ठरवा, दादासो. पैल्या चोरीला निदान 'अ' वर्ग हाय."

घरी येऊन दादासोंनी पुन्हा पुन्हा मांडणी करून पाहिली. आपण प्रामाणिक आहोत हे सिद्ध करायचं तर आधी आपण चौदा वर्षं माप मारत होतो हे सांगावं लागणार. गप्प बसावं तर चोर ठरलोच आहोत. जमा आणि खर्च अशा दोन बाजू त्यांनी आयुष्यभर जुळवल्या होत्या, पण ह्या पानाची कुठलीच बाजू त्यांच्या बाजूनं बसेना. पाच रात्री असा घोळ घातल्यावर त्यांनी ठरवलं की वार्षिक सभेत सगळं बोलून टाकायचं. बनाबाईसाठी नव्हे, हे इथंच सांगितलेलं बरं. स्वतःच्या नावासाठी.

सभा सप्टेंबरात देवळाच्या मंडपात झाली. पाणंदवस्तीची रीत अशी, की विषय पुरता वाचून व्हायच्या आत 'मंजूर' म्हणायचं, कारण सभा लांबली की पेढे लांबतात. मागचं इतिवृत्त मंजूर, ताळेबंद मंजूर, नफावाटणी मंजूर, अंदाजपत्रक मंजूर. एक विषय चेअरमननी नुसता घसा खाकरला तेवढ्यात मंजूर झाला. मग ऐनवेळच्या विषयात दादासो माइकसमोर उभे राहिले. सभासद खुर्च्यांवर होते. बिगर सभासद मागं खांबांना टेकून उभे होते, कारण पेढे त्यांनाही मिळत.

दादासो कागदावरून बोलले. काट्याची गोष्ट सांगितली, आणि मग आकडा सांगितला. "चौदा वर्सांत आपल्या समद्यांच्या मापातनं अंदाजे सत्तर हजार लिटर दूध कमी लिवलं गेलं. त्याचं वाढावा म्हनून पैसं झालं. ते समदं खात्यात लिवल्यालं हाय. म्या एक रुपाया घरी नेल्याला न्हाय. पर दूध तुमचं व्हतं, आन त्ये म्या मोजलं न्हाय. ह्या जूनपासनं मोजतोय, म्हनून वाढावा दिसत न्हाय."

लोक आता उठतील, खुर्च्या फेकतील, कुणीतरी गचांडी धरेल, असं सगळं दादासोंनी मनात आधीच भोगलेलं होतं. पण उठला एकटा म्हस्कू, आणि त्यानं विचारलं, "मंग ह्या दिवाळीला फरक किती?"

"फरक वाढाव्यातनंच निगत व्हता. यंदा न्हाय निगायचा."

"आन भांडं?"

"भांडंबी न्हाय."

तेव्हा कुठं सभा खवळली. सत्तर हजार लिटरला जे लोक गप्प होते ते पातेल्याला उठले. पुढच्या रांगेत फुलाबाई होती, स्वतःच्या नावावर शेअर असलेली आणि बोलायला खमकी. ती म्हणाली, "दर दहा दिसाचं बिल मालकाच्या खात्यावर जातंय, त्यातलं एक रुपाया आमच्या हाताला लागत न्हाय. दिवाळीचा फरक तेवढा बाईच्या हातात येतो. त्ये शंभर मिली कुनी चोरल्यालं न्हाय, आमी ठिवायला दिल्यालं हाय. काटा व्हता तसा करा." बायकांनी टाळ्या वाजवल्या. पुरुषांनी बिलाचा विषय आपल्यावर आला म्हणून जरा उशिरा वाजवल्या.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं, ही त्यातली खरी अडचण. पण तिला ठेव परत मिळत होती.

दिग्विजयरावांनी वारा ओळखला. ते उठले आणि म्हणाले की असा सेक्रेटरी दुसऱ्या संस्थेनं दाखवावा. कुणी विचारलं नसताना स्वतःची चूक भर सभेत सांगणारा माणूस या तालुक्यात नाही. ज्यांनी त्यांच्यावर शंका घेतली त्यांनी मनाला विचारावं. सगळ्यांनी म्हस्कूकडं पाहिलं आणि म्हस्कूनं सगळ्यात आधी टाळ्या सुरू केल्या. आतून एक शाल आली, नारळ आला. दादासोंच्या खांद्यावर शाल पडली आणि दोन महिन्यांनी त्यांच्या छातीवरचा धोंडा उतरला. बायकांच्या रांगेत सारजा डोळे पुसत होती. "तर मंग काटा पूर्वीसारखा शंभर मिलीवर ठिवन्यात यावा," चेअरमन म्हणाले, आणि 'मंजूर, मंजूर' असा गजर झाला.

तेवढ्यात मागच्या खांबाकडून आवाज आला, "न्हाय."

बनाबाई होती. माइक तिच्याकडं नव्हता, म्हणून ती ओरडून बोलत होती. "मला फरक मिळत न्हाय. भांडं मिळत न्हाय. माजं माप पुरं ठिवा. म्या न्हाय म्हनतीया, माजं न्हाय लिवा."

"मावशे, तुमी सभासद न्हाय, तुमाला मत न्हाय," चेअरमन समजुतीनं म्हणाले. "बसा. पेडं घेऊन जावा."

ती बसली नाही. तिनं चेअरमनकडं पाहिलंही नाही. ती दादासोंकडं बघत होती. दादासो माइकपासून दोन हातांवर उभे होते. अठ्ठावन्न हा आकडा त्यांच्या अगदी जिभेवर होता. अठ्ठावन्न घरांचं दूध वाढाव्यात जातं आणि परत येत नाही, एवढंच एक वाक्य. ते वाक्य बोललं असतं तर पुढचा गोंधळ काय झाला असता, शाल राहिली असती की गेली असती, हे सगळं त्यांना एका क्षणात दिसलं. शाल सरकत होती, ती त्यांनी दोन्ही हातांनी सावरली. पेढ्यांचे पुडे फुटले आणि सभा संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काटा शंभरावर केला आणि मग इतिवृत्ताचं बुक उघडलं. सभेत जे घडलं ते लिहिणं सेक्रेटरीचंच काम. ठराव क्रमांक अकरा, सभासदांच्या सोयीच्या दृष्टीने वजनकाटा पूर्ववत ठेवण्यात यावा. पुढं 'सर्वानुमते मंजूर' हे शब्द लिहिताना ते थोडे थबकले. पण सर्व म्हणजे सर्व सभासद, बिगर सभासदाचं मत मोजायचं नसतं, असं पोटनियमात स्पष्ट आहे. शब्द बिनचूक होता. ते त्यांनी लिहिलं आणि शाई वाळू दिली.

बनाबाई रांगेतून पुढं आली तेव्हा बुक टेबलावर उघडंच होतं. तिनं चरवी खाली ठेवली आणि पानाकडं बोट केलं.

"सभेचं लिवलंस?"

"व्हय."

"माजं न्हाय म्हनल्यालं लिवलंस का? त्यो चेरमन म्हनंल नगं, पर म्या म्हनलं व्हतं. समद्या मंडपानं ऐकलं. लिवून ठिवलं म्हंजे पुडच्या साली तरी कुनी वाचंल."

दादासोंनी पानाकडं पाहिलं. तिला अक्षर येत नव्हतं. तिला पोटनियम सांगता आला असता, तो खरा होता. मागं रांग उभी होती, आणि सगळी वस्ती कालपासून पुन्हा त्यांना प्रामाणिक म्हणत होती.

"लिवलं मावशे," ते म्हणाले.

हे कुठल्याच खात्यात बसणारं नव्हतं.

"मंग झालं," बनाबाई म्हणाली. तिचा चेहरा खरंच मोकळा झाला. "मला रातभर वाटत व्हतं, लिवतोय का न्हाय. तू लिवलंस म्हंजे आता कुनाला पुसता यायचं न्हाय." आणि मागच्या माणसाला जागा द्यायला ती बाजूला सरकली.